घर विकलं, मग झोपाळा कोणाचा?

सौदा साठ-सत्तर लाखांचा होतो आणि भांडण जुंपतं गीझरवरून. वडोदऱ्यात कारेलीबागेतला फ्लॅट असो, मांजलपूरचं टेनामेंट (स्वतंत्र छोटं घर) असो की दांडिया बाजारातला जुना वाडा, ताब्याच्या दिवशी घेणारा दार उघडतो आणि छताला नुसते हूक दिसतात. पंखे गेले, एसी गेले, गच्चीवरची टाकीही गेली. विकणारा म्हणतो, "मी घर विकलं, सामान नाही." घेणारा म्हणतो, "मी पाहिलं तेव्हा हे सगळं लावलेलं होतं, त्यासकट किंमत मोजली." दोघंही मनापासून बोलत असतात, आणि दोघांच्या हातातल्या कागदावर याबद्दल बहुतेक वेळा एक ओळही नसते.

कागद गप्प असला तर काय धरायचं, हे कायद्यानं १८८२ सालीच सांगून ठेवलंय. ते आधी पाहू. पण कागद गप्प ठेवूच नये, हे या लेखाचं खरं म्हणणं आहे.

## कायदा नेमकं काय म्हणतो

मालमत्तेचे दोन प्रकार. स्थावर म्हणजे जमीन आणि जमिनीला जोडलेलं सारं. जंगम म्हणजे हलवता येण्यासारखं. अंगणातला आंबा आणि कुंडीतलं रोप दोन्ही झाडंच, पण आंबा घराबरोबर राहतो आणि कुंडी टेम्पोत चढते. घरातल्या प्रत्येक वस्तूबद्दल प्रश्न हाच असतो: ही आंब्यात मोडते की कुंडीत?

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याच्या कलम ३ मध्ये "जमिनीला जोडलेलं" म्हणजे काय ते सांगितलंय. जमिनीत मूळ धरलेलं, म्हणजे झाडंझुडपं. जमिनीत रोवलेलं, म्हणजे भिंती आणि इमारती. आणि अशा रोवलेल्या वस्तूच्या कायमच्या लाभासाठी तिला जोडलेलं. भांडणं होतात ती या तिसऱ्या प्रकारावरून.

त्याच कायद्याचं कलम ८ आणखी स्पष्ट आहे. घर हस्तांतरित झालं की कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि घरासोबत कायम वापरासाठी असलेल्या इतर सर्व वस्तू घेणाऱ्याकडे जातात. अट एकच: कागदात वेगळा हेतू लिहिलेला नसावा, किंवा व्यवहारावरून तसा उघड दिसत नसावा. तुम्ही दोघांनी वेगळं लिहून घेतलंत, तर तुमचं लिहिलेलं चालतं.

## स्क्रू निघतो म्हणून वस्तू तुमची होत नाही

"पान्यानं उघडलं की निघतं, मग ते सामानच" असं विकणाऱ्याकडून हमखास ऐकायला मिळतं. न्यायालयं मात्र दोन प्रश्न विचारतात: वस्तू कशी जोडलीय आणि कशासाठी जोडलीय. दुसऱ्या प्रश्नाला जास्त वजन आहे.

सर्वोच्च न्यायालयापुढे २०१० साली अहमदाबादच्या उत्पादन शुल्क खात्याचं एक प्रकरण आलं होतं. रस्त्याचं डांबर-मिश्रण तयार करणारी यंत्रं दीड फूट खोल पायावर नट-बोल्टनं बसवलेली होती. ही यंत्रं स्थावर झाली का? न्यायालय म्हणालं, नाही. चालताना ती हलू नयेत एवढ्यासाठीच तो पाया होता. जमिनीच्या कायमच्या लाभासाठी नव्हता. उलट एका खत कारखान्याच्या प्रकरणात, कायम तिथेच राहण्याच्या हेतूनं बसवलेली यंत्रसामग्री त्याच न्यायालयानं स्थावर मानली. दोन्ही ठिकाणी बोल्ट होतेच.

हाच निकष घराला लावून पाहा. गच्चीवरची हजार लिटरची प्लॅस्टिकची टाकी कशालाच स्क्रूनं जोडलेली नसते, स्वतःच्या वजनावर बसलेली असते. पण तिच्यावाचून घरात पाणी येत नाही, म्हणजे ती घराच्या कायम वापराची. किल्ली तर खिशात फिरते, तरी कायद्यानं तिचं नाव घेऊन ती घेणाऱ्याला दिलीय. भिंतीत चार खिळ्यांवर घट्ट बसवलेला टीव्ही मात्र बघणाऱ्याच्या सोयीचा आहे. तो काढला म्हणून घराचं घरपण कमी होत नाही.

## खोलीखोलीनं पाहिलं तर

पंखे आणि दिवे. वडोदऱ्यात पंखे बहुधा विकणारा नेतो, आणि टांगलेला पंखा जंगम म्हणायला जागाही आहे. भिंतीतले स्विच, रेग्युलेटर, होल्डर आणि वायरिंग मात्र राहतं. पंखा उतरवला की वायरीची टोकं उघडी लोंबत ठेवू नयेत. टेप गुंडाळून वर सीलिंग रोजमध्ये (छतावरच्या वायरीच्या गोल डबीत) बसवावीत. रिकाम्या घरात पहिला हात लागतो तो रंगाऱ्याचा, तेही शिडीवर उभ्या असलेल्या.

एसी. आतलं-बाहेरचं युनिट विकणाऱ्याचं मानण्याची रीत आहे. भिंतीच्या आतून नेलेली तांब्याची नळी आणि पाणी जाण्याचा पाइप घराचा. एसी काढण्याआधी गॅस बाहेरच्या युनिटमध्ये साठवून घ्यावा लागतो: मशीन कूलिंगवर चालू ठेवून बारीक नळीचा व्हॉल्व्ह आधी बंद करायचा, कॉम्प्रेसरनं गॅस ओढून घेतला की जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करायचा आणि लगेच मशीन बंद करायचं. घाईचा माणूस नळी सरळ कापतो. सगळा गॅस उडून जातो आणि नव्या घरी पुन्हा भरण्याचा खर्च विकणाऱ्याच्याच माथी येतो. भिंतीचं भोक कोण बुजवणार, हेही आधी ठरवावं. त्यातून पावसाचं पाणी आत येतं आणि पहिली ओल धरते ती घेणाऱ्याच्या भिंतीला.

गीझर. विकणारा नेत असेल तर दोन्ही अँगल कॉक बंद करून त्यांच्या तोंडाला अर्ध्या इंचाचे प्लग लावायला सांगा. नुसत्या बंद कॉकवर भरवसा ठेवू नका. जुन्या कॉकचा वॉशर गेलेला असतो, रात्रभर पाणी झिरपतं आणि सकाळी खालच्या मजल्यावरचा शेजारी दारात उभा राहतो.

स्वयंपाकघर. ओटा, सिंक, नळ, ओट्याखालच्या ट्रॉल्या आणि मापानं बनवलेली कपाटं राहतात. ती या भिंतीसाठीच कापलेली असतात, दुसरीकडे नेली तर निम्मं प्लाय वाया जातं. चिमणी, वॉटर फिल्टर आणि ओट्यात बसवलेली शेगडी यांवर नेहमी वाद होतो, म्हणून त्यांची नावं लिहाच. शेगडीबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. पाइप गॅसवर चालणाऱ्या शेगडीच्या जेटची भोकं मोठी असतात, कारण त्या गॅसचा दाब सिलिंडरच्या गॅसपेक्षा कमी असतो. तीच शेगडी जेट न बदलता सिलिंडरला जोडली तर ज्योत पिवळी, लांब आणि काजळी धरणारी येते. ते धोक्याचं आहे. शेगडी जो घेईल त्यानं मेकॅनिककडून जेट बदलून घ्यावेत.

गॅसचं मीटर आणि तिथवर येणारी लोखंडी नळी विकणाऱ्याची नसते आणि घेणाऱ्याचीही नसते, ती गॅस कंपनीची. विजेचं मीटरही तसंच, वीज कंपनीचं. बदलायचं ते नाव. नावासोबत अनामत रकमेचा हिशेबही करावा: ती विकणाऱ्यानं परत घ्यायची की घेणाऱ्यानं त्याला चुकवायची. सिलिंडरचं कनेक्शन मात्र माणसाच्या नावावर असतं, घराबरोबर ते जात नाही.

इन्व्हर्टर. बॅटरी आणि मशीन विकणारा नेतो, त्याबद्दल फारसा वाद नाही. वाद नंतर होतो. इन्व्हर्टरवरचे दिवे-पंखे त्या मशीनमधूनच वीज घेत असतात. मशीन काढून आत येणारी आणि बाहेर जाणारी तार इलेक्ट्रिशियनकडून परत जोडून घेतली नाही, तर निम्मं घर अंधारात राहतं आणि घेणाऱ्याला वाटतं वायरिंगच खराब होतं.

बोअरचा पंप. टेनामेंटमध्ये हा मोठा विषय. पंप जमिनीखाली लोंबत असतो, तो सहसा कोणी काढत नाही. पण भिंतीवरची स्टार्टरची पेटी चार स्क्रूंत निघते, आणि तिच्याविना पंप निरुपयोगी होतो. कलम ८ च्या भाषेत ही पेटी घरासोबत कायम वापरासाठी असलेली वस्तू ठरते. ताब्याच्या दिवशी पंप दहा-पंधरा मिनिटं चालवून पाणी कसं येतं ते पाहा.

गच्चीवरचं सौर. हा नवा प्रश्न आहे आणि पैशानं मोठा. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं. तेव्हापासून टेनामेंटांच्या गच्च्यांवर पॅनेल झपाट्यानं वाढली. पॅनेल काढून नेता येतात हे खरं, पण लोखंडी सांगाडा स्लॅबमध्ये ठोकलेला असतो आणि तो उपटला की वॉटरप्रूफिंग फुटतं. येणारी आणि जाणारी दोन्ही वीज मोजणारं मीटरही त्याच घराच्या ग्राहक क्रमांकाला बांधलेलं असतं. माझं स्पष्ट मत आहे की सौर संच घरासोबतच राहू द्यावा आणि त्याची किंमत सौद्यात धरावी. घेणाऱ्यानं तीन गोष्टी मागाव्यात: पॅनेल आणि इन्व्हर्टरची वॉरंटीची कागदपत्रं, वीज कंपनीशी झालेला करार, आणि संचासाठी कर्ज काढलं असेल तर ते फिटल्याचा दाखला.

## झोपाळा, देवघर आणि वृंदावन

वडोदऱ्याच्या घरात झोपाळ्याला सोफ्यापेक्षा मान आहे. नियमानं पाहिलं तर सागवानी पाट आणि पितळी सळ्या विकणाऱ्याच्या, कारण त्या कडीतून अलगद निघतात आणि बसणाऱ्याच्या सुखासाठी असतात. छतातली कडी मात्र घराची. जुन्या घरांत कडीचा बोल्ट तुळईतून आरपार जाऊन वर लोखंडी पट्टीवर आवळलेला असतो. तो उपटला तर तुळईला भोक पडतं आणि तिथून पाणी आणि वाळवी दोघांना वाट मिळते. कडी ठेवाच. झोपाळाही हवा असेल तर घेणाऱ्यानं तसं आधी सांगावं आणि त्याचे वेगळे पैसे द्यावेत.

देव, टाक आणि सुटं देवघर घरच्यांबरोबर जातं, भिंतीतला देवळीवजा कोनाडा राहतो. बांधलेलं तुळशीवृंदावन जमिनीत रोवलेलं, म्हणून ते राहतं. तुळस न्यायची असेल तर न्यावी, त्याला कुणी हरकत घेत नाही. घेऊही नये.

## वाडा विकताना दारं-खांब आधीच विकले तर

लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडी या चार दरवाजांच्या आत मांडवीभोवती जे जुने वाडे उरलेत, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. वाड्याचं खरं वैभव लाकडात असतं: कोरीव खांब, त्यावरचे घोडे (तुळईला आधार देणारे कोरीव ब्रॅकेट), चौकटी, नक्षीची दारं, कडीपाट. जुन्या लाकडाला गिऱ्हाईक आहे. म्हणून बानाखत झाल्यावर आणि दस्तावेज होण्याआधी दारं आणि घोडे उतरवून विकण्याचा मोह होतो. (बानाखत म्हणजे विक्रीचा करार, त्यात बाना म्हणजे इसार दिला जातो. दस्तावेज म्हणजे नोंदणी झालेलं खरेदीखत.)

हे करता येत नाही. दारांचं नाव कलम ८ मध्येच आहे. खांब तर इमारतीचाच भाग. शिवाय कलम ५५ सांगतं की करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत विकणाऱ्यानं मालमत्तेची आणि तिच्या कागदपत्रांची तितकी काळजी घेतली पाहिजे, जितकी साधारण शहाणा मालक स्वतःच्या वस्तूची घेतो. बानाखतानंतर दार उतरवून विकणं या कर्तव्याच्या थेट विरुद्ध जातं आणि घेणारा भरपाई मागू शकतो.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. निदान शंभर वर्षं जुनी, इमारतीपासून वेगळी केलेली कोणतीही वस्तू पुरावस्तू ठरू शकते; कायद्यात हे तसंच लिहिलंय. पुरावस्तूंच्या विक्रीचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. वाडा पाडायचाच असेल तर निदान लाकडाचं काय करायचं हे बानाखतात लिहा, प्रत्येक खांबाचा आणि दाराचा फोटो जोडा. बेहिशेबी उतरवलेला घोडा पुन्हा त्या चौकात येत नाही, आणि हे शहर असे घोडे फार वेगानं गमावतंय.

## "पण आम्ही तर…"

"तोंडी ठरलं होतं." तोंडी ठरलेलं सिद्ध करावं लागतं, आणि दस्तावेजात "रिकामा आणि शांत ताबा मिळाला, काही तक्रार नाही" अशी ओळ असते. तिच्याखाली सही झाली की गीझरसाठी भांडणं अवघड होतं. म्हणून घर पाहायचं ते दस्तावेजाच्या दिवशी सकाळी, उपनिबंधकाकडे जायच्या आधी.

"दलालानं सांगितलं सगळं मिळणार." दलाल विकणारा नाही. त्यानं सांगितलेलं विकणाऱ्याच्या सहीच्या कागदावर आणा.

"ते भाडेकरूनं लावलंय." मग गोष्ट वेगळी. कलम १०८ नुसार भाडेकरूला, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर, त्यानं स्वतः जोडलेल्या वस्तू ताब्यात असेपर्यंत काढून नेता येतात. जागा मात्र मिळाली होती तशी करून द्यावी लागते. घरात भाडेकरू असेल तर त्याचं काय आणि मालकाचं काय, हे त्याच्याकडूनही लिहून घ्या.

"जसं आहे तसं, असं लिहिलंय." हे शब्द घराच्या अवस्थेबद्दल आहेत. सौदा ठरताना लावलेली दारं किंवा टाकी नंतर काढून नेण्याची मुभा त्यातून मिळते, असं समजू नका.

## यादी कशी करायची

यादी बानाखताला जोडायची, दोघांच्या सह्यांनिशी. खोलीवार दोन रकाने: राहणार आणि नेणार. वस्तूचं नुसतं नाव पुरत नाही. "एसी" लिहिलं तर दीड टनाच्या नव्या एसीच्या जागी जुना लावलेला सापडतो. कंपनी, क्षमता, संख्या लिहा आणि फोटो काढा. "स्वयंपाकघर: चिमणी एक, ट्रॉल्या सहा, वॉटर फिल्टर एक – राहणार, फ्रिज, मिक्सर, शेगडी – नेणार" एवढं पुरतं. काढलेल्या वस्तूंची भोकं, वायरी आणि नळ कोण बंद करणार, त्याची एक ओळ. वस्तू राहिली नाही तर किती रक्कम कापायची, त्याची दुसरी. या दुसऱ्या ओळीनं निम्मी भांडणं सुरूच होत नाहीत.

कागदांची यादी वेगळी. मूळ दस्तावेज आणि आधीच्या दस्तावेजांची साखळी, रजाचिठ्ठी म्हणजे बांधकामाची परवानगी, बांधकाम पूर्ण झाल्यावरची वापर-परवानगी, प्रॉपर्टी कार्ड, वेरा म्हणजे घरपट्टी भरल्याच्या पावत्या, सोसायटी असल्यास शेअर सर्टिफिकेट आणि थकबाकी नसल्याचा दाखला. विक्रीच्या तारखेपर्यंतचा वेरा आणि सरकारी देणी विकणाऱ्यानं भरायची, हेही कलम ५५ मध्ये आहे. विकणाऱ्यांनो, नळांच्या आणि वायरींच्या जाळ्याचा नकाशा असेल तर तोही देऊन टाका. तुमच्या काही कामाचा नाही, पण घेणाऱ्याची अख्खी भिंत फोडण्यापासून वाचते.

## फर्निचरची किंमत वेगळी दाखवली तर

गुजरातमध्ये घराच्या दस्तावेजावर ४.९ टक्के मुद्रांक शुल्क आणि १ टक्का नोंदणी फी लागते. घेणारी स्त्री असेल तर नोंदणी फी माफ. फर्निचरचे तीन लाख वेगळे दाखवले तर १४,७०० रुपये शुल्क आणि ३,००० रुपये फी वाचते. सोफा, पलंग, फ्रिज, झोपाळा खरोखरच विकत असाल तर वेगळा करार रास्त आहे. पण भिंतीतली कपाटं, टाइल्स आणि किचनची कपाटं "फर्निचर" म्हणून दाखवणं म्हणजे स्थावराला जंगम म्हणणं. शुल्क बाजारभावावर लागतं, किंमत जंत्रीच्या (सरकारनं ठरवलेल्या दराच्या) खाली उतरली तर फरक वसूल होतो. बँकही घरकर्ज देते ते घरासाठी, फर्निचरचे तीन लाख तुम्हाला स्वतः उभे करावे लागतात. आणि स्थावराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीनं घेतली तर आयकराचा तेवढाच दंड बसतो. सतरा हजार वाचवायला हा धोका पत्करण्यासारखा नाही.

## आणि जे मागे राहतं त्याचं काय

माळ्यावरची जुनी ट्रंक, मोडका पलंग, रंगाचे डबे, पुस्तकांचे गठ्ठे. मागे राहिलं म्हणून ते आपोआप घेणाऱ्याचं होत नाही. भंगारवाल्याला बोलावण्याआधी फोटो काढून विकणाऱ्याला लेखी कळवा, पंधरा दिवसांची मुदत द्या. यादीतच "अमुक तारखेनंतर राहिलेलं सामान सोडून दिलं असं समजावं" ही ओळ घातली असेल तर हाही व्याप वाचतो. कागद आणि फोटोंचे अल्बम मात्र मुदत संपली तरी टाकू नका, परत पोचवा.

जुन्या वाड्याचं जोतं खणताना किंवा भिंत पाडताना नाण्यांची चरवी निघाली, तर तिचा मालक घेणाराही ठरत नाही आणि विकणाराही नाही, निदान लगेच तरी नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत किंवा तिला जोडलेल्या कशातही दडलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, साधारण किती किमतीचं, कुठे आणि कोणत्या तारखेला. मजुरांना हे काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा.